डिंभ्याच्या गोठ्यातल्या माश्या

१२ जानेवारी, रविवार

नवी वही. माझ्या मुलीच्या, समृद्धीच्या, शाळेच्या वह्यांतली उरलेली, त्यामुळे मुखपृष्ठावर फुलपाखरू आहे. पीएच.डी.ची मुदत ३० जूनला संपते आणि आता एक दिवसही वाढवून मिळणार नाही, असं पुण्याहून माझ्या मार्गदर्शक सरांनी काल फोनवर सांगितलं. चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत मुदतवाढीचे इतके अर्ज लिहिले आहेत की पदवी त्यावरच द्यायला हरकत नाही. रोजचं रोज लिहीत जा, म्हणजे डोकं ताळ्यावर राहील, असं वृषालीचं म्हणणं. ती माझी बायको. घरात माश्यांच्या बरण्या ठेवू देते, तेव्हा तिचं ऐकणं भाग आहे.

माझा विषय घरमाशी. नर कसा होतो आणि मादी कशी. कॉलेजात शिकवतो ते सोपं असतं: वाय क्रोमोसोम मिळाला की नर. घरमाशीत गंमत आहे. नर करणारं जनुक काही ठिकाणच्या माश्यांत वायवर असतं, तर काही ठिकाणी ते तिथून उठून भलत्याच क्रोमोसोमवर जाऊन बसलेलं असतं. मग जुन्या वायला काही कामच उरत नाही आणि तो हळूहळू नाहीसा होतो. लिंग ठरवणारे क्रोमोसोम कसे तयार होतात आणि कसे मोडीत निघतात, हे एरवी लाखो वर्षांचं प्रकरण. या माशीत ते आपल्या डोळ्यांदेखत चालू आहे.

आमच्या निमगाव सावात माश्यांना तोटा नाही, चहूबाजूंनी पोल्ट्र्या आहेत. पण पोल्ट्रीवाले औषध मारतात. तुलनेला कधीच औषध न मारलेला गोठा हवा. तसा एक मला माहीत आहे, डिंभ्याला, मोठ्या आईचा. पुढच्या रविवारी जाऊन विचारून येतो.

२ फेब्रुवारी, रविवार

मोठी आई म्हणजे कुशाबाई, माझ्या वडिलांची, आप्पांची, पहिली बायको. तिला तीन मुलीच झाल्या म्हणून आप्पांनी माझ्या आईशी दुसरं लग्न केलं आणि दोन वर्षांनी मी झालो. मोठी आई मुलींना घेऊन माहेरी डिंभ्याला गेली आणि तिकडेच राहिली. म्हशी पाळल्या, दूध घातलं, तिन्ही मुलींची लग्नं केली. हे सगळं जुनं आहे. आमच्यात वाकडं काही नाही. बहिणी राखीला येतात. आई गेली तेव्हा मोठी आई स्वतः पिठलं-भाकरी घेऊन आली होती.

मागच्या खेपेला तिला नीट सांगून आलो होतो की शेणातले माश्यांचे कोष न्यायला येईन. आज नारायणगाव, मंचर, घोडेगाव करत बाटल्यांची पिशवी घेऊन पोचलो, तर गोठा लख्ख! शेण उचललेलं, जमीन सारवलेली, भिंतींना चुना, आणि दारात रांगोळी. उकिरडासुद्धा शेतात नेऊन टाकलेला.

"या पावणं," मोठी आई म्हणाली. "येवढं कॉलेजातलं मानूस येनार, आन त्याला घाणीत बसवू व्हय?"

"मोठे आई, मला घाणच पाहिजे होती."

तिला वाटलं मी थट्टा करतोय. खरं कळलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की म्हैस उठून उभी राहिली. मीही हसलो. पण तीन आठवडे गेले, हे काही हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज काम झालं. मोठी आई हाताची चपळ आहे. शेणाच्या कडेच्या कोरड्या मातीतून तपकिरी, गव्हाएवढे कोष ती माझ्या दुप्पट वेगाने वेचत होती. एका बाटलीत एकच कोष, कापसाचं बूच. असं वेगळं ठेवलं की माशी बाहेर येते तेव्हा तिला दुसऱ्या कोणाची संगत झालेली नसते. मग मी ठरवेन त्याच्याशीच तिची जोडी लावायची, असं तिला सांगितलं. "आमच्या बापावानीच की तू," ती म्हणाली.

वेचता वेचता तिने विचारलं, यात तू बघतोस तरी काय. मी सांगितलं, नर का मादी हे कशावरून ठरतं ते. "आन मानसात?" मग मी वर्गात सांगतो तसंच सांगितलं: माणसात तर अगदी सोपं, बाईकडे देण्यासारखा एकच प्रकार असतो, मुलगा की मुलगी ते बापाकडून येतं, बाईचा त्यात काडीचा संबंध नाही. या वाक्याला वर्गातल्या मुली हमखास हसतात.

मोठी आई हसली नाही. "खरं सांगतोस?" म्हणाली. "पुस्तकात आहे, शंभर वर्षांपासून," मी म्हणालो. ती उठून म्हशीला पाणी दाखवायला गेली. चुलीवर चहा ठेवला होता तो उतू गेला तरी आली नाही, शेवटी मीच उतरवला. तिचंही वय झालं आता, विसरायला होतं. एकूण चौसष्ट कोष मिळाले.

१५ मार्च, शनिवार

बरणी नंबर सतरा. बाप डिंभ्याचा, आई पुण्याच्या प्रयोगशाळेतली, जुन्या पद्धतीची. पिल्लं ब्याण्णव. भिंगाखाली एकेकाचे डोळे बघितले: नराचे डोळे एकमेकांना खेटून असतात, मादीच्या डोळ्यांत अंतर असतं. ब्याण्णवच्या ब्याण्णव नर! दोनदा मोजले. मग बाकीच्या बरण्या काढल्या. अकरा बरण्यांपैकी नऊ तशाच.

याचा अर्थ डिंभ्याच्या नराकडे नर करणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती आहेत. कोणतीही दिली तरी मुलगाच. सरांना फोन केला. ते म्हणाले, भरत, घाई करू नका, अजून चाळीस कोष आणा, यावेळी डिंभ्याचाच नर आणि डिंभ्याचीच मादी अशाही जोड्या लावा. सोळा वर्षांत सरांच्या आवाजात एवढी उत्सुकता मी ऐकली नव्हती.

आप्पा काठी टेकत बरणी बघायला आले. येत्या मे महिन्यात त्यांना एक्याऐंशी पूर्ण होतील, पण नजर शाबूत आहे. "समदे नर? बाप लई जोरदार दिसतोय राव," म्हणाले. वृषाली आतून म्हणाली, "आप्पा, हार आणू का त्याला?" आप्पा खूश होऊन हसले. मीही.

१६ मार्च, रविवार

डिंभ्याहून रिकाम्या हाताने परत. गोठ्याच्या दाराला कडी. मोठी आई ओट्यावर बसली होती, उठली नाही. "माश्या न्हाईत," म्हणाली. तिच्या डोक्यावरच चार घोंघावत होत्या. मी बाटल्या दाखवल्या, मुदतीचं सांगितलं. "न्हाईत म्हनलं ना." पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि हे तिच्या स्वभावात नाही.

वाटेत खूप विचार केला. मागच्या वेळी एक बाटली फुटून काच सांडली होती, म्हशीच्या पायात गेली की काय? की शेण चिवडतो म्हणून शेजारीपाजारी हसले? काही लक्षात येत नाही. इतक्या वर्षांत ती माझ्याशी अशी कधीच वागली नाही.

१८ मार्च, मंगळवार

वृषालीला सगळं सांगितलं. ती विळीवर मेथी चिरत होती. "तुम्ही मागच्या महिन्यात तिला काय बोलून आलात ते परत म्हणा बघू," म्हणाली. मी म्हटलं. तिने विळी आडवी केली.

"तीन मुली झाल्या म्हणून जिला घरातून काढली, तिला तुम्ही गंमत म्हणून सांगून आलात की त्यात तिचं काहीच नव्हतं. आणि सांगितलं कोणी? तर जो मुलगा व्हावा म्हणून तिला काढली, त्यानं."

मी म्हणालो, काढली वगैरे नाही, ती आपणहून गेली. वृषालीने माझ्याकडे जसं बघितलं ते लिहीत नाही.

सोळा वर्षं मी हा धडा शिकवतोय. दर वर्षी त्याच फळ्यावर एक्स आणि वाय काढतो. दर राखीला तीन मोठ्या बहिणी समोर बसतात. एकदाही मला हे सुचलं नाही. आज मला माझी लाज वाटते आहे, आणि लाज वाटते हे लिहून थोडं बरं वाटतंय याचीही वाटते.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारून तडक डिंभ्याला गेलो. बाटल्या मुद्दाम नेल्या नाहीत. (खरं लिहायचं तर गाडीच्या डिकीत होत्या.)

मी म्हणालो, मोठे आई, माझं चुकलं. ती म्हणाली, "तुजं काय चुकलं? तू तर नुसता जन्मलास."

मग ती बोलली. मला वाटतं पहिल्यांदाच कोणाशी तरी बोलत होती. "मला वाटायचं माज्या पोटातच खोट हाय. सासू म्हनायची, गाव म्हनायचं, मंग मीबी म्हनाया लागले. धाकटी प्रतिभा झाली तवा मी दोन दिस तिचं तोंड बघितलं न्हाई. थोरली आरती सात वर्साची. ती पोर तिला उचलून माज्या छातीला आनून लावायची, आन मी भिताडाकडं तोंड करून पडायची. माजीच लेक, भरत. तिचा काय गुन्हा व्हता?"

ती पुढे म्हणाली, "ह्ये तू तुज्या बापाला सांग. कोपऱ्यात न्हाई. चार मानसांत, माज्या पोरींदेखत. माजं कोन ऐकनार? तू मास्तर हायेस, तुजं ऐकत्याल."

सांगतो म्हणालो. तिने उठून गोठ्याची कडी काढली. बाटल्या गाडीत आहेत हे तिला कसं कळलं कोण जाणे. चाळीस मागितले होते, तिने पन्नास वेचून दिले.

६ एप्रिल, रविवार

आप्पांना सांगायचं राहिलंय. आज बोलणार होतो, पण भाऊकीतली माणसं सहस्रचंद्रदर्शनाचं ठरवायला आली. हजार पौर्णिमांचे चंद्र बघितले म्हणून मोठा कार्यक्रम, ११ मेला मांडव. प्रश्न निघाला की विधीला आप्पांच्या शेजारी पाटावर बसणार कोण? माझी आई तर गेली. आप्पाच म्हणाले, "कुशा हाय की. आना तिला."

असं म्हणाले जणू कोपऱ्यात ठेवलेली एखादी वस्तू मागवत होते. पण मला वाटलं, बरंच झालं. चार माणसं, बहिणी, सगळे आयतेच जमतील. तेव्हाच सांगू.

२० एप्रिल, रविवार

निकाल लागला आणि मी पेचात पडलो.

डिंभ्याच्या नराची प्रयोगशाळेतल्या मादीशी जोडी: सगळे मुलगे. त्याच नरांची डिंभ्याच्याच मादीशी जोडी: निम्मे मुलगे, निम्म्या मुली. म्हणजे तिथे बाप प्रत्येक पिल्लाला 'नर हो' असंच सांगतोय. मुली होतात त्या आईमुळे. आईकडे एक वेगळंच जनुक आहे, बापाचं म्हणणं खोडून काढणारं. ते ज्या अंड्यात गेलं ती मुलगी. वायचं राज्य तिथे संपलं आहे आणि ठरवणं आईकडे गेलं आहे. बाहेरच्या देशांत अशा माश्या सापडल्याचं वाचलं होतं. स्वतःच्या हाताने मोजणं वेगळं. मी घरात नाचायचाच बाकी होतो.

मग आठवलं की या माश्या कोणाच्या गोठ्यातल्या आहेत. तिला काय सांगू? की बाई, जगातल्या सगळ्या गोठ्यांत तुझ्याच गोठ्यात नेमकी आई ठरवते?

आमंत्रण द्यायला गेलो तेव्हा न सांगता यायचं ठरवलं होतं. तिनेच विचारलं, "निघालं का काय?" खोटं बोलवेना. सगळं सांगितलं, आणि माणसाचं तसं नसतं हे चारदा सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजी पोरी त्या माशीमुळंच झाल्या."

"हो."

"मंग तिला कुनी माहेरी धाडली का?"

पुस्तकातली दोन प्रकरणं मी या एका प्रश्नावरून ओवाळून टाकीन.

पाटावर बसायला येशील का, असं खाली मान घालून विचारलं. "येते," ती म्हणाली. "तू बोलनार हायेस ना तवा? मंग येते."

११ मे, रविवार

कार्यक्रम थाटात झाला. मांडव, स्पीकर, साडेचारशे पान. आप्पांना पांढरा फेटा. मोठी आई हिरव्या नऊवारीत त्यांच्या शेजारी पाटावर बसली, शेहेचाळीस वर्षांनी. तिन्ही बहिणींनी दोघांना ओवाळलं.

मग माइक माझ्याकडे आला. खिशात चिठ्ठी होती. त्यावर दोनच वाक्यं होती, पाठही होती. मी आप्पांनी विहीर कशी खणली ते सांगितलं, कांद्याचं पीक कसं आणलं ते सांगितलं, मला शिकवलं ते सांगितलं. टाळ्या पडल्या. मोठ्या आईकडे बघितलं नाही. आप्पा माझ्याकडे बघून मान डोलावत होते आणि मला आठ वर्षांचा असल्यासारखं वाटत होतं. चिठ्ठी खिशातच राहिली.

संध्याकाळी तिला नारायणगावच्या स्टँडवर सोडलं. एसटीत चढताना एवढंच म्हणाली, "बोलला न्हाईस." रागावून नाही. मी भित्रा आहे. हे असं सरळ लिहिलेलं बरं.

१३ मे, मंगळवार

सकाळी आप्पा ओट्यावर दूध-भाकरी खात बसले होते. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि एका दमात म्हणालो, "आप्पा, मुलगा की मुलगी ते बापाकडून ठरतं. मोठ्या आईचा त्यात काही दोष नव्हता. तुम्ही तिच्यावर अन्याय केला."

आप्पांनी घास चावून गिळला.

"आता सांगतोस व्हय? मला ठावं हाय."

"कधीपासून?"

"प्रतिभा झाली तवापासून. दवाखान्यातल्या डाक्टरीनबाईनं बाजूला घेऊन सांगितलं व्हतं. म्हनली, बाईला बोल लावू नका, ह्ये तुमच्याकडून येतं. लई हुशार बाई व्हती."

"मग?"

"मंग काय? मला मुलगा पायजे व्हता. आन गावात काय सांगू, खोट माज्यात हाय म्हनून?" त्यांनी वाटी पुढे केली. "तू झालास, भागलं. जरा दूध वाढ."

मी दूध वाढलं. का वाढलं ते मला सांगता येणार नाही.

२७ मे, मंगळवार

शेवटचं प्रकरण लिहून झालं. हात चालतोय, मन नाही. हे मोठ्या आईला सांगावं की नाही? सांगून तिला काय मिळणार? बाहत्तर वर्षांची आहे, म्हशीत आणि नातवंडांत रमली आहे. वृषालीला विचारलं, तर म्हणाली, "तुमच्या घरात सगळ्यांनी हाच विचार केला. तिला सांगून काय मिळणार."

८ जून, रविवार

गेलो. मोठी आई दारात शेंगा फोडत बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि आधी हे सांगितलं की चार माणसांत बोलायची माझी छाती झाली नाही. "ते मी बघितलं," ती म्हणाली. मग सांगितलं की नंतर आप्पांशी एकट्यानेच बोललो, आणि आप्पा काय म्हणाले ते. एकही शब्द गाळला नाही. डॉक्टरीणबाईचंही सांगितलं.

तिचे हात थांबले.

"प्रतिभा झाली तवा?"

"हो."

"म्हंजी मी भिताडाकडं तोंड करून पडले व्हते, तवा त्याला ठावं व्हतं."

मी मान हलवली. आतून म्हैस हंबरली तरी उठली नाही. मला वाटलं रडेल, पण डोळे कोरडे होते.

"परवा वटपुनव," ती म्हणाली. "दर साली वडाला दोरा गुंडाळते मी. बाया हसायच्या, म्हनायच्या, टाकल्याली बाई आन नवऱ्यासाठी उपास धरती. मी मनात म्हनायची, अडानी हाय त्यो. त्याला कुनी सांगितलंच न्हाई, तर कळंल कसं? देवा, त्याला माफ कर, म्या बी केलं. शेचाळीस वर्सं आसं म्हनले. मागल्या म्हैन्यात पाटावर बसले ती बी त्यो अडानी समजूनच."

तिने मांडीवरची टरफलं झटकली आणि उभी राहिली.

"त्यो अडानी न्हवता म्हंजी." गोठ्याकडे जाता जाता ती थांबली. "तुज्या बापाला सांग, कुशानं माफी माघारी घेतली. ह्ये मातर कोपऱ्यात सांगितलंस तरी चालंल."

मी हो म्हणालो. निमगावला पोचेपर्यंत वाटेत तीनदा गाडी थांबवली. घरी आलो तेव्हा आप्पा ओट्यावरच होते, आणि यावेळी मी वृषालीला आणि समृद्धीला बाहेर बोलावलं, आरतीताईला फोन लावून तो चालू ठेवला, आणि मग सांगितलं.